कडाक्याच्या थंडीत रात्रभर चार्जिंगला लावूनही टक्के का वाढत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रात्री तापमान उणे २० च्या आसपास जातं, गाडी उघड्यावर उभी असते. गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर घरच्या साध्या सॉकेटला लावलेला आहे, आणि बॅटरीला त्रास नको म्हणून तो मुद्दाम ६ अँपिअरवर ठेवलेला आहे. दहा तास लावूनही सकाळी चार-पाच टक्केच वाढतात, आणि एकदा तर आदल्या रात्रीपेक्षा आकडा कमी दिसला. बिघाड चार्जरमध्ये आहे की बॅटरीत? आणि गाडी आल्या आल्या लावावी की पहाटेचा टायमर लावावा?

बिघाड बहुधा कुठेच नाही. मी घरगुती चार्जर बसवतो आणि ते बंद पडले की बघायला जातो. थंडीची लाट आली की याच तक्रारीचे फोन सुरू होतात, आणि चार्जर खरोखर बिघडलेला क्वचितच निघतो. वीज गाडीत जात असते, मीटरही फिरत असतो. पण गोठलेल्या बॅटरीत चार्ज भरण्याआधी तिला गरम करावं लागतं, आणि तुमची ६ अँपिअरची वीज जवळजवळ सगळी त्यातच संपते.

लिथियम-आयन बॅटरी चार्ज होते म्हणजे लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. थंडीत हे शिरणं फार मंदावतं. तरीही जोराने वीज ढकलली तर आत न शिरलेलं लिथियम धातूच्या रूपात पृष्ठभागावरच साचतं. त्यातलं बरंचसं पुन्हा वापरात येत नाही, म्हणजे क्षमता कायमची घटते, आणि हा साचलेला थर वाढत गेला तर आत शॉर्ट होण्याचाही धोका असतो. म्हणून पॅक, म्हणजे गाडीची मुख्य बॅटरी, शून्याच्या खाली असेल तर गाडीचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारी यंत्रणा) एक तर चार्जिंग रोखून धरतो नाही तर अगदी थेंबाथेंबाने करू देतो, आणि हीटर असेल तर आधी तो चालू करतो. थंड बॅटरीतून वीज घेताना हा धोका नसतो. तो चार्जिंगच्या वेळीच असतो.

आता तुमचाच हिशोब मांडू. आकडे गाडीगणिक थोडे बदलतील, पण अंदाज पक्का आहे. ६० युनिटचा (म्हणजे ६० किलोवॉट-तासांचा) पॅक धरा, वजन सुमारे ४०० किलो. एवढ्या वस्तुमानाचं तापमान एक अंशाने वाढवायला साधारण ०.११ युनिट लागतं. उणे २० वरून अधिक ५ वर आणायचं म्हणजे पंचवीस अंश, जवळजवळ तीन युनिट. गाडी उघड्यावर आहे, म्हणजे गरम केलेला पॅक रात्रभर निवतही राहणार. तो तसा धरून ठेवायला आणखी तीन-चार युनिट सहज जातात. थोडक्यात, सात युनिट नुसते उष्णतेचे.

२३० व्होल्टवर ६ अँपिअर म्हणजे १.४ किलोवॉटच्या आत-बाहेर. गाडीतला ऑनबोर्ड चार्जर एसीचं डीसी करताना दहा-पंधरा टक्के खातो. चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीचे कंट्रोलर, पंप, १२ व्होल्टची यंत्रणा सगळं जागं असतं, त्याला दोन-तीनशे वॉट लागतात. उरले सुमारे ९०० वॉट. दहा तासांचे नऊ युनिट. त्यातले सात उष्णतेला गेले की दोन राहिले, म्हणजे तीन ते चार टक्के. तुम्हाला दिसतात जवळपास तेवढेच!

हाच चार्जर १० अँपिअरवर ठेवला तर? सगळं वजा करून ताशी १.७ युनिट, रात्रीचे सतरा. त्यातून तेच सात गेले की दहा उरतात, सोळा-सतरा टक्के. विजेचा प्रवाह दुपटीनेही वाढला नाही आणि गाडीत साठणारी वीज पाचपट झाली. कारण उष्णतेचा आणि गाडी जागी ठेवण्याचा खर्च ठरलेला आहे, तुम्ही कमी वीज द्या की जास्त. म्हणून ‘हळू चार्ज केलं की बॅटरी टिकते’ हा सल्ला या थंडीत घरच्या चार्जिंगला लागू पडत नाही. ६० युनिटच्या पॅकला ७ किलोवॉटसुद्धा हळूच आहे. बॅटरीच्या दृष्टीने जोराचं चार्जिंग म्हणजे हायवेवरचं डीसी फास्ट चार्जिंग. ज्यांच्याकडे १२० व्होल्टचा पुरवठा आहे त्यांचं १२ अँपिअरवरही तुमच्यासारखंच होतं, कारण वॉट तेवढेच पडतात.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. ‘चार्जिंग सुरू झालं की बॅटरी आपोआप तापते, हीटरची गरज काय?’ असं बरेच जण विचारतात. डीसी फास्ट चार्जरवर ते खरं आहे. घरी ७ किलोवॉटला पॅकमधून जेमतेम वीस अँपिअर वाहतात आणि त्यातून थंड पॅकमध्येही फार तर शंभर-दीडशे वॉट उष्णता निघते. चारशे किलोच्या ढिगाला त्याचं काहीच वाटत नाही.

सकाळी टक्के कमी दिसले त्याची दोन कारणं संभवतात. एक, पॅकचा हीटर सॉकेटच्या ताकदीपेक्षा जास्त वीज ओढत असेल. हे हीटर बहुतेक दोन ते सात किलोवॉटचे असतात, आणि काही गाड्या कमी पडलेली वीज बॅटरीतूनच घेतात. सकाळी निघण्याआधी मोबाईलवरून केबिन गरम केली असेल तर तिथेही हेच घडतं. दोन, बॅटरी थंड झाली की तिच्यातली काही वीज तात्पुरती वापरता येत नाही आणि गाडी तेवढी वजा करून दाखवते. टेस्लात तो भाग निळ्या रंगात हिमकणाच्या चिन्हासह दिसतो. काही गाड्या चिन्ह न दाखवता नुसता आकडा उतरवतात. पॅक गरम झाल्यावर ही वीज परत मिळते, ती हरवलेली नसते.

आता लावायचं कधी? साध्या सॉकेटवर असाल तर आल्या आल्या लावा. टायमरचा विचारच नको. रस्त्यावरून आलेला पॅक चाललेल्या अंतराने गरम झालेला असतो, तो पूर्ण निवायला बरेच तास जातात, आणि त्या वेळात मिळालेली वीज सरळ साठते. संध्याकाळी सातला आलेली गाडी रात्री एकला लावणं म्हणजे फुकट मिळालेली उष्णता हवेत सोडून तीच पुन्हा विकत घेणं. रात्रीचा दर स्वस्त असेल तरी या थंडीत, या सॉकेटवर तो फायदा बहुतेक उष्णतेतच जिरतो.

७ किंवा ११ किलोवॉटचा वॉलबॉक्स (भिंतीवर बसवलेला चार्जर) असेल तर गणित उलटतं. त्याच्यावर पॅक अर्ध्या-पाऊण तासात तापतो, म्हणून निघण्याच्या वेळेला चार्जिंग संपेल असं लावणं फायद्याचं: पॅक गरम, केबिन गरम, काचांवरचा बर्फ सुटलेला, आणि हे सगळं भिंतीतल्या विजेवर. मला स्वतःला मधला मार्ग पटतो. आल्यावर लगेच साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत भरून घ्यायचं आणि उरलेलं पहाटे. रात्रीत वीज गेली तरी सकाळी अडकून पडत नाही.

टायमर लावायचाच तर गाडीत लावा, वॉलबॉक्सच्या अ‍ॅपमध्ये नको, आणि दोन्हीकडे तर मुळीच नको. वॉलबॉक्सने वीज रोखून धरली की गाडीच्या लेखी ती उपलब्धच नसते. ती झोपी जाते, आणि काही मॉडेल पहाटे वीज आली तरी जागी होत नाहीत. गाडीतल्या ‘निघण्याची वेळ’ या सेटिंगमध्ये मात्र पॅक किती थंड आहे ते बघून गाडी स्वतःच लवकर सुरुवात करते. अ‍ॅपमधला टायमर काढून गाडीतला लावला आणि ‘चार्जर बिघडलाय’ ही तक्रार तिथेच मिटली, असं माझ्या कामात नेहमी होतं.

केबिन तापवण्याला कमी लेखू नका. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्या तपासल्या. उणे ७ अंशांला हीटर बंद ठेवून रेंज सरासरी १२ टक्क्यांनी घटली, हीटर चालू ठेवल्यावर ४१ टक्क्यांनी. म्हणजे बॅटरीच्या थंडीपेक्षा माणसांची थंडी महाग. प्लग लागलेला असतानाच केबिन ऊबदार करून घेतली आणि वाटेत सीट व स्टिअरिंगच्या हीटरवर भागवलं, तर रात्री भरायची वीजच कमी होते. साध्या सॉकेटवर हे काम निघण्याआधी बरंच लवकर सुरू करा. केबिनचा हीटर सुरुवातीला तीन ते सहा किलोवॉट ओढतो, तेवढं सॉकेट देऊ शकत नाही; वेळ जास्त मिळाला तर निघेपर्यंत तूट थोडी भरून निघते.

आता वायरिंग. प्रश्नात ते विचारलेलं नाही, पण १० अँपिअरवर जा असं मी सांगितलं आहे, तेव्हा त्या सॉकेटची जबाबदारी माझ्यावरही येते.

घरगुती सॉकेट मिक्सर-इस्त्रीसाठी बनलेलं असतं. थोडा वेळ पूर्ण भार, मग विश्रांती. रोज रात्री दहा-बारा तास सलग १० अँपिअर ही त्याची परीक्षा आहे, आणि थंडीत चार्जिंग जास्त तास चालतं म्हणून ती आणखी कठीण होते. तारेची काळजी नको. तांब्याचा रोध गारठ्यात उलट कमीच होतो. बिघाड होतो तो सांध्यात. रात्री तापून दिवसा आक्रसणाऱ्या टर्मिनलचा स्क्रू हळूहळू सैल पडतो, सैल सांधा जास्त तापतो. बाहेरच्या सॉकेटचा पुढचा भाग गार हवेने थंडच लागतो, त्यामुळे हात लावून फसायला होतं. चार्जिंग तासभर चालल्यावर ते थांबवून प्लग काढा आणि त्याच्या पिना बघा. पितळ काळपट किंवा निळसर झालं असेल, सॉकेटच्या भोकांभोवती प्लास्टिक तपकिरी दिसत असेल, जळकट वास येत असेल, तर पुन्हा चार्जिंगला लावू नका, आधी सॉकेट बदलून घ्या. नुसता स्क्रू आवळून भागत नाही, कारण तापलेल्या पट्टीची पकड गेलेली असते. चार्जरसाठी बोर्डापासून स्वतंत्र लाईन आणि स्वतंत्र एमसीबी हवा. एक्स्टेन्शन बोर्ड नको, आणि गुंडाळी न सोडलेली एक्स्टेन्शन केबल तर अजिबात नको. बर्फात पडलेली गुंडाळीसुद्धा आतल्या वेढ्यांत तापते.

बोर्ड बाहेर किंवा न तापवलेल्या गॅरेजमध्ये असेल तर त्याच्यातला आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) जवळून बघा. पुढच्या बाजूला छापलेल्या बारीक चिन्हांमध्ये एक हिमकण आणि त्यात ‘-२५’ असा आकडा असायला हवा. हे चिन्ह नसलेला आरसीसीबी उणे ५ पर्यंतच्याच वापरासाठी असतो. त्याच्याखाली तो वेळेवर ट्रिप होईलच याची हमी कंपनी देत नाही, आणि जीव वाचवणारं उपकरण तेच आहे. तो एसी टाइपचा, म्हणजे फक्त एसी गळती ओळखणारा, असला तर हिमकण असूनही चालणार नाही. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती आली तर असा आरसीसीबी आंधळा होतो. वॉलबॉक्समध्येच ६ मिलीअँपिअर डीसी ओळखणारी सोय असेल तर ए टाइप पुरतो, नाही तर बी टाइप. वॉलबॉक्सच्या नेमप्लेटवरही किमान तापमान लिहिलेलं असतं, बहुतेकांवर उणे २५ किंवा उणे ३०. घेण्याआधी वाचा.

थंडीचा जोर सर्वांत जास्त असतो त्याच आठवड्यात वॉलबॉक्सवर अर्थ फॉल्टचा लाल दिवा लागतो आणि हवा उबदार झाली की आपोआप जातो, हेही बऱ्याच ठिकाणी दिसतं. ज्या घरांचं अर्थिंग स्वतःच्या रॉडवर आहे तिथेच हे होतं. गोठलेल्या जमिनीचा रोध कैकपटीने वाढतो. रॉड उथळ असेल तर तो सगळाच गोठलेल्या थरात असतो. उपाय म्हणजे गोठणाऱ्या थराच्या खाली पोचेल इतका खोल रॉड आणि थंडीतच घेतलेलं मोजमाप. अर्थची तपासणी सेटिंगमधून बंद करून देतो असं कोणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

लोड बॅलन्सिंग असलेल्यांसाठी एक इशारा. घरातले हीटर आणि गीझर एकदम चालू असले की हे यंत्र गाडीचा प्रवाह कमी करतं आणि तो ६ अँपिअरवर आणून ठेवतं. त्याहून कमी प्रवाह एसी चार्जिंगच्या मानकातच नाही. पण ६ अँपिअरचं काय होतं ते आपण वर पाहिलं. संध्याकाळभर सिंगल फेजवर असंच ताटकळत राहणार असेल, तर घर शांत झाल्यावर जोराने चार्जिंग होईल असं लावलेलं बरं. साध्या सॉकेटवाल्यांना दिलेला माझा सल्ला इथे लागू नाही.

गन, म्हणजे केबलचं गाडीत बसणारं टोक, गोठणं हा वेगळा ताप. गाडीच्या पोर्टमध्ये, टाइप २ गनच्या बाबतीत, एक बोटभरही लांब नसलेली खीळ आडवी येऊन गनच्या खाचेत बसते. झाकणातून चिखलपाणी आत गेलं, किंवा गाडी धुतल्यावर पोर्ट ओलं राहिलं, की त्या खिळेभोवती बर्फ धरतो. मोटर कुरकुरते, खीळ हलत नाही, गन निघत नाही. आधी गाडी दोन-तीनदा लॉक-अनलॉक करा आणि प्रत्येक वेळी गन किंचित आत दाबून मग ओढा. खिळेवरचा ताण सुटला की ती बहुतेक वेळा मागे सरकते. नाही सरकली तर गरम पाण्याची पिशवी कोरड्या फडक्यात गुंडाळून पोर्टच्या वरच्या कडेला काही मिनिटं धरा. काही गाड्यांत पोर्टला स्वतःचा हीटर असतो, तर बऱ्याच गाड्यांत डिकीच्या आतून ओढायची आणीबाणीची दोरी असते. ती कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा, अंधारात हातमोजे घालून शोधायला लागू नये. उकळतं पाणी ओतू नका, ते आत जाऊन पुन्हा गोठतं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. पिनांवर कुठलाही स्प्रे किंवा ग्रीस नको.

केबल घेताना तिचं आवरण कशाचं आहे ते विचारा. साधं पीव्हीसी उणे २० ला काठीसारखं ताठ होतं आणि जोराने वाकवलं तर तडकतं; रबर किंवा पॉलियुरेथेनचं नरम राहतं. पोर्टेबल चार्जर रोज घरात आणून पुन्हा बाहेर नेऊ नका. ऊबदार खोलीत त्या थंड डब्यावर दव धरतं, आणि बाहेर नेल्यावर तेच सांध्यांत गोठतं. बाहेरचा तर बाहेरच राहू द्या, छपराखाली, बर्फ घसरून पडणार नाही अशा जागी.

बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) असेल तर थंडीत ती एनएमसीपेक्षा (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) जास्त अडते, म्हणून वरचं सगळं तुम्हाला जास्त लागू. शिवाय तिचं व्होल्टेज सपाट असल्याने टक्केवारीचा अंदाज चुकतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं १०० टक्के चार्जिंग हिवाळ्यातही चुकवू नका. सगळ्याच गाड्या चार्जिंगआधी पॅक गरम करतात असंही नाही. निसान लीफच्या पॅकमधला हीटर उणे १७ च्या आसपास चालू होतो आणि उणे १० ला बंद होतो. त्याचं काम पॅक गोठू न देणं एवढंच. अशा गाडीला घरी आल्यावर लगेच लावणं हाच काय तो इलाज.

हिवाळ्याआधी १२ व्होल्टची बॅटरीही तपासून घ्या. बऱ्याच गाड्यांत ती अजून लेड-अ‍ॅसिडचीच असते. ती बसली तर मोठा पॅक भरलेला असूनही गाडी जागी होत नाही, काही गाड्यांचं चार्जिंगचं झाकणसुद्धा उघडत नाही.

आठवडाभर बाहेरगावी जाणार असाल तर गाडी प्लगला लावूनच जा. मर्यादा साठ टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि पहारा देणारे कॅमेरे बंद करा. टेस्लाच्या मॅन्युअलमध्ये उणे ३० च्या खाली सलग २४ तासांहून जास्त ठेवू नका असं आहे, लीफच्या मॅन्युअलमध्ये उणे २५ च्या खाली सात दिवस. प्लग लावण्याची सोयच नसेल तर निदान निम्म्याहून जास्त चार्ज ठेवून, आडोशाला लावून जा, आणि मोबाईलवरून रोज गाडी ‘बघण्याचा’ मोह टाळा. प्रत्येक वेळी अ‍ॅप उघडलं की बऱ्याच गाड्या जाग्या होतात आणि वीज खातात.